बेवारस भय

ज्या कायद्यासाठी केतकी निगडे एकेकाळी भर उन्हात मोर्चात चालली होती, त्याच कायद्याखाली तिला नोटीस आली. नोटीस घेऊन आलेली पोलीसबाई तिच्या एका विद्यार्थ्याची मावशी निघाली, त्यामुळे दोघींनाही कुठे बघावं ते कळेना. केतकीने उभ्याउभ्याच कागद वाचला. तिच्या सासूबाईंच्या, म्हणजे कुमुदिनी भालचंद्र निगडे यांच्या केसांत फणीच्या तपासणीत चार वर्षांचं तीव्र भय आढळलं होतं. त्यांची नोंदलेली सांभाळकर्ती म्हणून केतकीला त्यासाठी जबाबदार धरलं होतं. कुमुदिनीबाईंना त्याच दुपारी सरकारी संगोपनगृहात हलवायचं होतं, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत केतकीने त्यांना भेटायचं नव्हतं.

गाव कृष्णाकाठचं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण कुमुदिनीबाईंचे यजमान निगडे सर तिथल्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते आणि त्यांचे विद्यार्थी गावात अजूनही पैशाला पासरी सापडतील. सर जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर काही वर्षांनी कुमुदिनीबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली. तेव्हापासून चार वर्षं त्यांचं न्हाणंधुणं, भरवणं, औषधपाणी सगळं केतकी करत होती. ती बोलू न शकणाऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेतही सगळे अबोल आणि घरातही एक अबोल माणूस, त्यामुळे आपणच एकटी दिवसभर बडबडतो, असं ती हसून सांगायची. नोटीस आल्यापासून मात्र तिची बडबड बंद पडली.

फणी म्हणजे काय ते इथेच सांगून टाकलेलं बरं. त्या यंत्राचं सरकारी नाव इतकं लांबलचक आहे, की ते पूर्ण उच्चारेपर्यंत माणसाचा केस आणखी थोडा वाढेल. म्हणून लोकांनी आपलं साधं नाव ठेवलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना त्याच्या मुळाला रक्त मिळतं, आणि त्या वेळी रक्तात जे काही असेल त्याचा अंश केसात कायमचा बंद होतो. टोकाशी जुना काळ, मुळाशी नवा. ताणाची रसायनं केसात सापडतात हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. अडचण एवढीच होती, की ती रसायनं ताप आला तरी वाढतात आणि परीक्षा जवळ आली तरी वाढतात. मग दोन छोट्या प्रथिनांचा शोध लागला. माणूस जीव मुठीत धरून बसलेला असतो, त्याला पळता येत नाही आणि उलट हातही उगारता येत नाही, अशाच वेळी ती रक्तात उतरतात. केसाला ती अशी चिकटतात, की धुवा, रंगवा, उन्हात वाळवा, सुटत नाहीत. फणीतला लेसर केसाच्या टोकापासून मुळापर्यंत सरकतो आणि त्या प्रथिनांचं प्रमाण कागदावर रेषेने काढत जातो. त्या रेषेला भयलेख म्हणतात.

भयलेख आला आणि कायदा बदलला. त्याआधी तान्ह्या मुलाला, मंदबुद्धी भावाला किंवा अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला छळणारा माणूस सहसा सुटायचा. ज्याच्यावर गुदरलं त्याला बोलता येत नसे, आणि ज्याला बोलता येई तो "न्हाणीत पाय घसरला हो" म्हणून मोकळा होई. शिक्षा झालीच तर थोडा दंड आणि काही महिने कैद. नव्या कायद्याने मुलांची, आणि यंदापासून परावलंबी प्रौढांचीही, दरवर्षी फणीने तपासणी सक्तीची केली आणि शिक्षेचा तक्ताच बांधून दिला. इतकं भय, इतका काळ, तर इतकी वर्षं कैद. न्यायाधीशालाही त्यात कमीजास्त करता येत नव्हतं. केतकीच्या शाळेतला एक मुलगा या फणीमुळेच काकाच्या तावडीतून सुटला होता. काका कानावर हात ठेवत होता, तेव्हा केतकीनेच त्याला सुनावलं होतं की माणसं खोटं बोलतात, केस बोलत नाहीत.

आता ती स्वतः कुठल्या तोंडाने म्हणणार, की केस खोटं बोलतोय?

तिने वकील केल्या त्या शकिला मुजावर. बाई रोखठोक. त्यांनी पहिल्याच भेटीत सगळं समजावून सांगितलं. भय किती ते फणी सांगते. ते कुणाचं हे डीएनए सांगतो, आणि तो कुमुदिनीबाईंच्या नोंदीशी जुळला होता. ते कुणी दिलं हे मात्र कुठलंच यंत्र सांगत नाही. ते कायदा गृहीत धरतो. जो सांभाळतो तो जबाबदार. आपण ते केलं नाही हे सिद्ध करायचं ओझंही त्याच्याच डोक्यावर. केतकीच्या बाबतीत तक्ता सात वर्षं दाखवत होता. गुन्हा कबूल केला तर निम्मी.

"कबूल करा असं मी म्हणत नाही," मुजावर वकीलबाई म्हणाल्या. "पण तुमच्या जागी माझी बहीण असती, तर तिला मी विचार करायला सांगितलं असतं."

केतकीने विचार केला. नको इतका केला. शाळेने तिला रजेवर पाठवलं होतं आणि दिवसभर घरात दुसरं काम उरलं नव्हतं. पेज सांडली तेव्हा आपला आवाज चढला होता का? आंघोळ घालताना कधी हात जोरात ओढला गेला का? कुमुदिनीबाई डोक्याला कुणालाही हात लावू देत नसत. डॉक्टर आले तरी डावा हात वर करून डोकं झाकून घेत. एका केतकीपुढे मात्र त्या मान खाली घालून निवांत बसायच्या, वेणी घालून होईपर्यंत पेंगायच्या. हे आठवलं की तिला धीर यायचा. पण वेणी घालताना पेंगणं हा कुठल्याच न्यायालयात पुरावा होत नाही.

आणि मन एकदा शोधायला लागलं, की ते स्वतःपाशी थांबत नाही. तिचा नवरा धनंजय पाटबंधारे खात्यात होता. पन्नाशी ओलांडलेला, शांत माणूस. कुणाचा आवाज चढला की उठून दुसऱ्या खोलीत जाणारा. केतकीला त्याचा हा स्वभाव आवडायचा. आता ती त्याच्या शांतपणाकडे संशयाने बघू लागली. एकदा जेवताना त्यानेच अडखळत विचारलं, की तू कधी आईवर चिडली असशील आणि विसरून गेली असशील, असं झालं असेल का. केतकीने हातातला घास ताटात ठेवला आणि तोच प्रश्न त्याला विचारला. एका छपराखाली नवराबायको एकमेकांवर पहारा ठेवून राहू लागली, आणि हे दुःख नोटिशीपेक्षा मोठं होतं.

अशात मुजावर वकीलबाईंनी भयलेखाची पूर्ण प्रत मिळवली. दुपारच्या वेळी त्यांच्या कचेरीत दोघींनी तो लांब कागद टेबलावर पसरला आणि कडा उडू नयेत म्हणून एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली ठेवली. टोकाकडचा वर्षभराचा भाग सपाट होता. मग एकदम चढ, आणि तिथून पुढे करवतीचे दात असावेत तशी रेषा. लेसर इतका बारीक, की दिवसातला चढउतारही दिसत होता. रोज एक दात, साधारण ठरावीक वेळी. सरकारी वकिलाचा सगळा भर त्या पहिल्या चढावर होता. मुळाकडून मोजत गेलं तर तो बरोबर चार वर्षांपूर्वी येत होता. पक्षाघात तेव्हाचा, आणि केतकीच्या नावाची नोंदही तेव्हाची.

केतकीला तो कागद बघवेना. थोड्या वेळाने तरी तिने तो बघितला, आणि बघितला तो शाळेतल्या सवयीने. नवीन मूल शाळेत आलं की ते कशाला घाबरतं हे ती आधी शोधत नसे. घाबरायला हजार कारणं असतात. ते कधी घाबरत नाही, हे तिला आधी बघायचं असे. तिथून मागे आलं की कारण आपोआप सापडतं. तिने दातांवरून नजर काढली आणि सपाट तुकडे शोधायला लागली.

चढ सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी एक सपाट तुकडा होता, महिनाभराचा. मग जेमतेम तीनचार दिवस दात, आणि पाचसहा दिवस सपाट. मग दोनतीन महिने दात, आणि पुन्हा आठदहा दिवस सपाट. दुसऱ्या वर्षी तो महिनाभराचा तुकडा नव्हता, पण ते दोन लहान तुकडे तेवढ्याच अंतराने होते. तिसऱ्या वर्षात तर एक चांगला पाचेक महिन्यांचा सपाट भाग होता. त्याच्या मध्यावर एकच उंच सुळका, तोही एका दिवसाचा. त्याच्या पुढे पुन्हा शांत.

आई चार वर्षांत कुठे गेल्या नव्हत्या. धनंजयही गेला नव्हता आणि ती स्वतःही गेली नव्हती. मग हे पाच महिने घाबरवणारा कुठे गेला होता? का घाबरणारीच कुठे गेली होती?

केतकीने बोटांच्या पेरांवर महिने मोजले. चढ मे महिन्यात धरला तर पुढचं सगळं आपल्या जागी बसत होतं. तिने मान वर केली.

"वकीलबाई, लग्न झाल्यावर पहिल्या आखाडात मुली कुठे असतात?"

"आमच्यात आखाड नाही," मुजावर वकीलबाई म्हणाल्या. "पण आमच्या शेजारणी माहेरी जायच्या. नव्या नवरीने त्या महिन्यात सासरी राहायचं नसतं म्हणून."

"हा आखाड," केतकी त्या महिनाभराच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली. "ही पंचमी. ही दिवाळी. ही पुढच्या वर्षीची पंचमी, आणि ही दिवाळी. आणि हे पाच महिने म्हणजे बाळंतपण. सातव्यात गेल्या असतील माहेरी, आणि बाळ तीन महिन्यांचं करून परत." तिचं बोट त्या सुळक्यावर येऊन थांबलं. "हा धनंजय."

मुजावर वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग त्या हळूच म्हणाल्या, की हे पन्नास वर्षांपूर्वीचं आजच्या केसात कसं येईल?

आणि त्याच क्षणी केतकीला सगळं उमगलं. पहिल्यांदा आलं ते चक्क हसू, मग डोळ्यांत पाणी. ते केस आजचे नव्हतेच. ते गंगावन होतं, वेणीत गुंफायचे कापलेले केस. धनंजय दोन वर्षांचा असताना कुमुदिनीबाईंना विषमज्वर झाला होता आणि त्यांचे कमरेपर्यंतचे केस मुळाशी कापावे लागले होते. ते टाकवेनात, म्हणून त्यांनी त्यांचंच गंगावन बांधून घेतलं होतं. पुढे केस विरळ झाले तसं ते रोजच्या वेणीत आलं ते कायमचंच. सर गेल्यावर वर्षभराने बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कलप लावला. डोक्यावरच्या केसांना आणि गंगावनाला मिळून लावला, आणि पुढे केतकीही तो तसाच लावत राहिली, त्यामुळे कुठला केस कुठे संपतो हे तिऱ्हाइताला सांगता येत नसे. चार वर्षं केतकी रोज ते गंगावन हातात धरत होती. इतकं सवयीचं झालं होतं, की केस म्हटल्यावर ते वेगळं आठवावं असं तिला सुचलंच नाही.

नमुना टाळूपाशी कापायचा असा नियम होता. तो घ्यायला आलेली संरक्षण अधिकारी, पल्लवी तोडकर, नोकरीत नवी होती. सांभाळकर्त्याने त्या वेळी घराबाहेर राहायचं असतं, म्हणून केतकी तिथे नव्हती. मुजावर वकीलबाईंनी पल्लवीला बोलावून विचारलं, तर तिने आढेवेढे न घेता सांगितलं. कात्री डोक्याजवळ नेली की आजी हात वर करून अंग चोरून घेत होत्या. तिला दया आली. मग मानेवर वेणी जिथे सुरू होते तिथली बट तिने हलकेच कापून घेतली आणि अहवालात नियमाप्रमाणे नमुना घेतला असं लिहून टाकलं. आपल्या चांगुलपणापायी एक बाई सात वर्षं तुरुंगात जात होती हे कळल्यावर त्या पोरीला रडू आवरेना. केतकीनेच तिला पाणी दिलं.

केसाचं वय काढायला प्रयोगशाळेला फार वेळ लागला नाही. गेल्या शतकात अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेत एक विशिष्ट किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि नंतर तो दरवर्षी थोडाथोडा कमी होत गेला. ज्या वर्षी केस वाढतो त्या वर्षाचं प्रमाण त्याच्यात राहून जातं, म्हणून त्यावरून वर्ष सांगता येतं. उत्तर आलं: केस पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचा. ते ऐकून केतकीच्या जिवात जीव आला, पण तो पुरता स्थिरावायच्या आत मुजावर वकीलबाईंनी कायद्याचं एक कलम पुढे केलं.

मोजलेलं भय बेवारस राहता कामा नये, असं ते कलम होतं. घरातल्या माणसांनी संगनमत करून "कुणी केलं कोण जाणे" म्हणून सुटू नये, यासाठी ते घातलेलं. भय कधीचंही असो, ते देणाऱ्याचं नाव जवळच्या रक्ताच्या माणसाने सहीनिशी सांगायचं. मग तो जिवंत असो की मेलेला, न्यायालय त्याच्या नावाने तक्त्याप्रमाणे शिक्षा उच्चारणार. नाव आलं नाही तर ते भय सांभाळकर्त्याच्या नावावरून उतरणार नाही. केतकी सुनेच्या नात्याची. तिची सही चालत नव्हती. सही हवी होती धनंजयची.

संध्याकाळी तिने भयलेख त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं उलगडून सांगितलं. त्या सुळक्यावर बोट ठेवून "हा मी?" एवढंच त्याने विचारलं. एकमेकांवरचा संशय त्या घडीला गेला, आणि दोघांनाही हायसं वाटलं हे खरं. पण सहीचा विषय निघाला तसा तो उठला. बाबा तसे नव्हते, म्हणाला. गरिबांच्या पोरांना त्यांनी फुकट शिकवलं. शाळेच्या नव्या इमारतीला पुढच्या महिन्यात त्यांचं नाव देणार आहेत. मग फेऱ्या घालता घालता त्याला एक तोड सुचली. आजीचं नाव देऊ. आजी कडक होतीच, सगळे म्हणायचे. तिला आता कोण ओळखतंय? सासू होती म्हटल्यावर कुणी शंकासुद्धा घेणार नाही.

केतकी इतके दिवस आवाज न चढवता राहिली होती. आताही तिने तो चढवला नाही.

"आधी आलं ते सुनेवर," ती म्हणाली. "आता ते ढकलायचं सासूवर. मधला माणूस मात्र फोटोत हार घालून बसणार. आणि संध्याकाळी ठरल्या वेळी कोण घरी यायचं रे? आजी कुठे नोकरीला होती?"

नेहमीसारखा धनंजय दुसऱ्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी तो आईला भेटायला संगोपनगृहात गेला. त्याला भेटायची मुभा होती. परत आला तो थेट स्वयंपाकघरात, आणि ओट्याला टेकून उभा राहिला. केतकी भाजी निवडत होती.

"मी तिला काहीच सांगितलं नाही," तो म्हणाला. "शेजारी बसलो आणि नुसतं 'बाबा' म्हटलं. तिने डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट."

मग त्याचं त्यालाच नवल वाटावं तसा बोलत राहिला. बाबांची स्कूटर गल्लीत वळली की आई रेडिओ बंद करायची आणि त्याच्या तोंडावर हात ठेवायची. रोज. तो तेव्हा चारपाच वर्षांचा असेल. त्याला वाटायचं हा आपल्या दोघांचा खेळ आहे, गप्प बसण्याचा. तो त्यात फार पटाईत झाला होता. मारताना त्याने कधी पाहिलं नाही, कारण त्या खोलीत तो कधी नसायचा. आवाज यायच्या आधीच तो उठून दुसरीकडे गेलेला असायचा.

"अजून जातो," धनंजय म्हणाला. "कुठे सही करायची?"

खटला एका सकाळी उभा राहिला. न्यायालय लहानसंच, जुन्या पंचायत कचेरीतलं. न्यायाधीशबाईंनी आधी कुमुदिनीबाईंचा ताजा नमुना घ्यायला सांगितलं, आणि तो या वेळी टाळूपाशीच हवा म्हणाल्या. पल्लवी तोडकर कात्री घेऊन पुढे झाली. चाकाच्या खुर्चीतल्या कुमुदिनीबाईंनी डावा हात वर करून डोकं झाकलं. मग न्यायाधीशबाईंनी विचारलं, की यांच्या डोक्याला हात लावू शकेल असं कुणी आहे का. मुजावर वकीलबाईंनी आरोपीकडे बोट दाखवलं.

दीड महिन्यांनी केतकी सासूबाईंसमोर उभी राहिली. "आई, मी आलेय," एवढंच ती म्हणाली. कुमुदिनीबाईंनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं, हात खाली घेतला आणि डोकं तिच्या पोटाशी टेकवलं. केतकीने गंगावन सोडवून बाजूला ठेवलं आणि बोटांनी भांग पाडून विरळ केसांतली एक बट मोकळी करून धरली. पल्लवीने ती कापली तेव्हा कुमुदिनीबाई हलल्या नाहीत.

फणी शेजारच्या खोलीतच होती. रेषा आली ती जवळजवळ सपाट. खांद्यापर्यंतचे केस म्हणजे मागची तीनेक वर्षं, सगळी शांत. मुळाशी अगदी शेवटी थोडा चढ होता, तो संगोपनगृहात हलवल्यापासूनचा. न्यायाधीशबाईंनी तो चढ बोटाने दाखवला आणि मोजलेलं भय बेवारस ठेवायचं नाही या कलमाप्रमाणे तेवढं भय संगोपनगृह चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या नावावर लिहून घ्यायला लावलं. केतकी निगडे निर्दोष, कुमुदिनीबाईंना घरी न्यावं, असा हुकूम झाला. ते ऐकल्यावर केतकीला एकदम कडकडून भूक लागली. दीड महिन्यात तिला भूक अशी लागलीच नव्हती. तिने धनंजयचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

"कायद्याने आणखी एक काम माझ्यावर टाकलंय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "ते ऐकायला आजींनी थांबलंच पाहिजे असं नाही. त्यांना बाहेर न्यायचं असेल तर न्या."

केतकीने विचारायच्या आधीच कुमुदिनीबाईंनी डाव्या हाताने खुर्चीचं चाक घट्ट धरलं. त्यांना जायचं नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी वाचायला सुरुवात केली. भालचंद्र महादेव निगडे, मुख्याध्यापक, मयत. यांनी आपली पत्नी कुमुदिनी हिला विवाहानंतर चार वर्षं सतत भयाखाली ठेवलं, हे न्यायालयासमोर सिद्ध झालं आहे. त्यापुढचा काळ मोजायला साधन उपलब्ध नाही. हे कृत्य गुन्हा आहे. त्यात पत्नीचा कोणताही दोष न्यायालयाला आढळत नाही. या गुन्ह्यासाठी सात वर्षं सक्तमजुरीची शिक्षा सुनावण्यात येत आहे. आरोपी हयात नसल्याने शिक्षेची अंमलबजावणी होणार नाही.

वाचून झालं. मागच्या बाकावर निगडे सरांचे दोन विद्यार्थी बसले होते. त्यांनी माना खाली घातल्या. धनंजयही खाली बघत होता. कुमुदिनीबाई न्यायाधीशबाईंच्या हातातल्या कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि समोरच्या टेबलावर बोटांनी टकटक केलं. कारकुनाला वाटलं पाणी हवंय. त्याने पेला पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा त्या कागदाकडे बोट करून टकटक केलं.

केतकीला कळलं. "त्यांना ते पुन्हा ऐकायचंय," ती म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी कुमुदिनीबाईंना विचारलं, "पुन्हा वाचू?" कुमुदिनीबाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू अजून त्यांचं ऐकत होती, ती हळूहळू सैल होत होती. धनंजयने मान वर केली.

"जरा मोठ्याने वाचा, मॅडम," तो म्हणाला. "तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी लहान होतो तेव्हापासून."

न्यायाधीशबाईंनी कागद सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, वाचायला सुरुवात केली.